कोऱ्या कागदावरचे ऊन



१८७३च्या उन्हाळ्यात विन्स्लो होमर नावाचा सदतीस वर्षांचा अमेरिकन चित्रकार बॉस्टनच्या उत्तरेकडच्या ग्लॉस्टर या मच्छीमार बंदरात मुक्कामाला गेला. तोवर त्याचे नाव होते ते ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाचा चित्रकार म्हणून. यादवी युद्धात आघाडीवर जाऊन त्याने सैनिकांची रेखाटने केली होती. ग्लॉस्टरला त्याने जलरंगांची पेटी उघडली आणि किनाऱ्यावरची पोरे रंगवायला घेतली. कुणी होडीत बसलेले, कुणी धक्क्यावर रेंगाळणारे, कुणी पुळणीवरून चाललेले. त्यांतल्या एका चित्रात, जे जेमतेम वहीच्या दोन पानांएवढे आहे, दोन मुले शिवल्यांची टोपली दोन बाजूंनी धरून नेत आहेत. हे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या माकुणसार, एडवण, केळवे, दांडा, सातपाटी या पट्ट्यातल्या माणसाला ते समजावून सांगावे लागणार नाही. ओहोटी लागली की टोपली घेऊन खाडीत उतरायचे, हे इथल्या पोरांना कुणी शिकवत नाही.

तरीही प्रश्न उरतोच. अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागलेली उन्हाळ्याची जलरंगचित्रे हा विषय माकुणसारच्या व्याख्यानमालेत कशासाठी?

अशी प्रदर्शने तिकडे गाजली, हे एक कारण झाले. २०१३ साली ब्रुकलिन आणि बॉस्टन इथल्या दोन संग्रहालयांनी आपापल्या कपाटांतली जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराची ९३ जलरंगचित्रे एकत्र मांडली. २०१७च्या मार्च ते मे या काळात फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने होमर आणि सार्जंट यांच्या काळातली पावणेदोनशेच्या आसपास चित्रे लावली, आणि ते प्रदर्शन दुसऱ्या कुठल्याही शहरात गेले नाही. का गेले नाही, ते पुढे येईलच. पण खरे कारण वेगळे आहे. जलरंग हे माध्यम आणि उन्हाळा हा ऋतू यांची गाठ जगात जिथे जिथे पडली, तिथे तिथे एकच अडचण उभी राहिली: ऊन रंगवायचे कशाने? त्या अडचणीला अमेरिकेत एक उत्तर मिळाले, कोल्हापूर-मुंबईत दुसरे, आणि इथून जवळच, डहाणूच्या पाड्यांवर, तिसरे.

आधी अमेरिकेचे पाहू. जलरंग तिकडे फार काळ दुय्यम मानले गेले. मोठी कला म्हणजे तैलरंग. जलरंग हा घरातल्या मुलीबाळींचा छंद किंवा नकाशे काढणाऱ्यांचे हत्यार. होमरची आई स्वतः जलरंगात फुले रंगवायची, आणि पोराचा पहिला धडा घरातच झाला. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये जलरंगकारांची संस्था निघाली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्या वार्षिक प्रदर्शनांनी हवा बदलली. बदलाला साधी, हातात धरता येतील अशी कारणे होती. लंडनच्या विन्सर अँड न्यूटनने १८३०च्या दशकात ओलसर वड्या आणि १८४०च्या दशकात नळीतले जलरंग विकायला आणले. त्याआधी रंगाची कोरडी वडी पाण्यात घासत बसावे लागे. धातूची दाबता येणारी नळी ही मुळात जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराची कल्पना, १८४१ची. आता रंग, ब्रश, पाण्याची बाटली आणि कागदाचा ठोकळा एवढे सामान खांद्यावर टाकून माणूस कुठेही जाऊ शकत होता.

कुठे जायचे, हे आगगाडीने ठरवले. युद्ध संपले, शहरांत पैसा आला, रेल्वे आणि आगबोटी समुद्रकाठापर्यंत पोचल्या, आणि शहरातला मध्यमवर्ग जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर मुक्काम ठोकू लागला. हॉटेले उभी राहिली. त्या पाहुण्यांमागोमाग चित्रकार आले. चाइल्ड हॅसमने मेनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटांवर एका कवयित्रीच्या बागेतली फुले रंगवली. मॉरिस प्रेंडरगास्टने १८९६च्या सुमारास बॉस्टनजवळच्या रिव्हिअर बीचवर रंगीत छत्र्यांची आणि पांढऱ्या फ्रॉकांची गर्दी टिपली. होमर १८८०च्या उन्हाळ्यात ग्लॉस्टरच्या बंदरातल्या एका चिमुकल्या बेटावर, दीपगृहाच्या राखणदाराच्या घरी राहिला आणि तेवढ्या मुक्कामात त्याने शंभराच्या आसपास जलरंगचित्रे केली. एवढी चित्रे तैलरंगात कुणाला जमली नसती. तैलरंग वाळायलाच आठवडे लागतात.

म्हणजे अमेरिकन चित्रांतला उन्हाळा हा बहुतेक करून सुटीचा उन्हाळा आहे. माणसे हिंडायला, वाऱ्याला आली आहेत. बरोबर आलेला चित्रकारही काही दिवसांचा पाहुणाच आहे. होमरचे मोठेपण असे की त्या सुटीच्या गावात त्याची नजर छत्र्यांवर खिळली नाही. ती टोपली उचलणाऱ्या पोरांवर गेली.

आता ती अडचण. ऊन रंगवायचे कशाने? तैलरंगात पांढरा रंग असतो. सर्वांत शेवटी जाडसर पांढरा ठिपका द्यायचा, की पाण्यावर ऊन चमकते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरे काय ते कागदाचे. जिथे ऊन पडले आहे तिथे चित्रकार काहीच करत नाही. तो फक्त आजूबाजूची सावली रंगवतो. उन्हाची जागा आधीच ठरवून, राखून ठेवावी लागते, आणि एकदा ब्रश तिथे लागला की ती गेली. मिठागरात जसे पाणी उन्हाने उडून जाते आणि पांढरे तेवढे मागे राहते, तसेच इथे पाणी उडाले की जे कोरे राहिले तेच ऊन ठरते.

सार्जंटचे १९०९चे ‘कॉर्फू: लाइट्स अँड शॅडोज’ हे बॉस्टनमधले चित्र या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. विषय म्हणावा असा विषयच नाही. एक पांढरे बसके घर, भर उन्हात. भिंतीवर झाडांच्या सावल्या पडल्या आहेत. भिंतीचा उजेडातला भाग हा जवळजवळ कोरा कागद. रंग आहे तो सावल्यांत: निळा, जांभळट, आणि खाली जमिनीकडे येताना थोडा उबदार, पिवळसर. शाळेत सावली म्हणजे काळ्या रंगात पाणी घालून केलेला करडा, असे हात आपोआप शिकतात. सार्जंट ते मानत नाही, आणि त्याचे कारण डोळ्यांपेक्षा भौतिकशास्त्रात आहे. सावलीत सूर्य पोचत नाही, पण आकाश पोचते. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरच्या सावलीवर उजेड पडतो तो निळ्या आभाळाचा, म्हणून ती निळसर. आणि अंगणाच्या तापलेल्या मातीवरून परत उसळलेला उजेड ओटीच्या छताला खालून लागतो, म्हणून पागोळीखालची सावली तांबूस. वैशाखात दुपारी कुठल्याही चुना दिलेल्या घरासमोर पाच मिनिटे उभे राहिले की दोन्ही रंग दिसतात. दिसायला मात्र काळ्या रंगाची सवय मोडावी लागते.

सार्जंटची ही चित्रे विकण्याचा त्याचा विचारच नव्हता. लंडनमध्ये श्रीमंतांची व्यक्तिचित्रे करून कंटाळलेला हा माणूस सुटीत, स्वतःच्या आनंदासाठी जलरंग करायचा. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याची ८६ जलरंगचित्रे मांडली गेली तेव्हा त्याची अट होती: सुटी सुटी विकायची नाहीत, घ्यायची तर एकगठ्ठा, आणि तीही सार्वजनिक संग्रहालयाने. ब्रुकलिनने ८३ घेतली. तीन वर्षांनी बॉस्टनने आणखी ४५. आज तिकडे उन्हाळ्याची प्रदर्शने भरू शकतात ती या दोन खरेद्यांसारख्या निर्णयांमुळे. कागदावरची चित्रे एका जागी, एका छपराखाली राहिली.

इकडची गोष्ट त्याच काळात सुरू होते. मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली निघाले. १८६०च्या दशकात बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे रूळ याच किनारपट्टीतून मुंबईला जाऊन मिळाले. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. शाळा होती, गाडी होती, प्रदर्शनाची जागा होती. इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या बायका उन्हाळ्यात महाबळेश्वर-माथेरानला जाऊन जलरंगात डोंगर रंगवत, आणि त्यांच्या पेट्यांबरोबर ते तंत्रही आले. पण ज्या मराठी चित्रकारांनी ते आत्मसात केले, त्यांनी त्याचे काही वेगळेच केले.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे उदाहरण घ्यावे. १८६७ साली कोल्हापुरात जन्म, जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच शिक्षक, पुढे संचालकपदाचा कार्यभार सांभाळण्यापर्यंत गेले. आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे दिले. त्यांच्या जलरंगांत सुटीवरची माणसे शोधूनही फारशी सापडत नाहीत. त्यांनी केलेल्या मुंबईच्या चित्रपोस्टकार्डांत, एस. एम. एडवर्ड्सच्या १९१२च्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’त, ऑटो रॉथफेल्डच्या १९२०च्या ‘विमेन ऑफ इंडिया’त दिसतात ती रस्त्यावरची, बाजारातली, कामावरची माणसे, आपापल्या जातीच्या लुगड्याच्या नेसणीसह, दागिन्यांसह. सायबाच्या पुस्तकात ‘नमुने’ म्हणून ती छापली गेली हे खरे. पण नेसणीचा काष्टा कसा बसतो आणि डोक्यावर ओझे असलेली बाई मान कशी धरते, हे पाहणारा डोळा घरचा होता. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले तेव्हा मुंबईकरांनी पहिल्यांदाच इतके धुरंधर एकत्र पाहिले.

दुसरे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. १८८२ साली सावंतवाडीत जन्म. १९०८ साली त्यांनी दादरला स्वतःची चित्रशाळा काढली आणि १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्यांचे जगप्रसिद्ध चित्र उन्हाळ्याचे नाही, दिव्याचे आहे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधले ‘ग्लो ऑफ होप’, १९४५-४६चे. एका हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांमधून लालसर होऊन बाहेर पडणारा उजेड. कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजून पाहतात. ते जलरंगात आहे. कन्येला तासन्‌तास उभे करून त्यांनी ते केले. सांगतात की जलरंगात चूक पुसता येत नाही, हेच त्यांना सिद्ध करून दाखवायचे होते: न चुकता करता येते. ज्योत आणि बोटांच्या कडा या कागदाच्या जोरावर उजळल्या आहेत. कॉर्फूची भिंत आणि म्हैसूरची समई यांत तंत्र एकच.

तिसरे नाव आबालाल रहमान यांचे, आणि ते घेतल्याशिवाय मराठी जलरंगाची गोष्ट पुरी होत नाही. कोल्हापूरचे आबालाल जे. जे.मध्ये शिकले, नाव काढले, आणि मुंबईत न राहता गावी परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केले. पण दरबारी चित्रांपेक्षा त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ, संध्यामठ अशा हाकेच्या अंतरावरच्या जागांत. तेच तळे, तीच झाडे, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळच्या उजेडात. रंग विकत घ्यायला पैसे नसत तेव्हा पाने-फुले-माती यांतून ते रंग करत, असे कोल्हापुरात सांगितले जाते. १९२२च्या मे महिन्यात शाहू महाराज गेले. आख्यायिका अशी की त्या दुःखात आबालालनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. आकडा किती खरा, याचा हिशेब आता कुणाला लागणार नाही. पण त्यांच्या हयातभराच्या कामाच्या मानाने आज हाती राहिलेली चित्रे थोडी आहेत, हे खरे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांतली काही पाहता येतात. आबालाल १९३१च्या डिसेंबरात वारले.

ब्रुकलिनने सार्जंटची ८३ चित्रे एकगठ्ठा घेतली त्यानंतर तेरा वर्षांनी कोल्हापुरात हे घडले म्हणतात. कलावंतांच्या कुवतीत फरक नव्हता. फरक होता तो चित्र केल्यानंतर ते कुणाच्या कपाटात जाते, याचा.

या तिघांनंतर परंपरा थांबली नाही. इंदूरच्या मराठी घरातले नारायण श्रीधर बेंद्रे सुरुवातीला उघड्यावर बसून केलेल्या निसर्गचित्रांनी ओळखले गेले. १९४०च्या दशकात मुंबईत आलेल्या सय्यद हैदर रझांची पहिली वाहवा झाली ती शहराच्या जलरंगचित्रांवर. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’ या दिवाळी अंकाने १९४५पासून जलरंगाची नजाकत घराघरांत पोचवली. नाशिकचे शिवाजी तुपे गोदाकाठावर बसत. पुण्याचे मिलिंद मुळीक आज नव्या पिढीला जलरंगाची गोडी लावत आहेत. आणि ज्यांनी यांतले एकही नाव ऐकलेले नाही अशा हजारो मुलांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी स्मरणचित्रात बाजार, पाणवठा, बसथांबा रंगवलाच आहे. त्यांच्या हातात पेटी असायची ती बहुधा कॅम्लिनची. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या या कंपनीचा एक कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. म्हणजे महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांच्या आभाळाचा निळा आणि झाडाचा हिरवा याचा बोईसरशी संबंध आहे.

इथे उन्हाळ्यात बसून जलरंग करणे हे मात्र ग्लॉस्टरइतके सुखाचे नाही. सकाळी नऊनंतर कागदावर टाकलेला वॉश अर्ध्यावर येईपर्यंत वरची कड वाळलेली असते आणि आभाळात नको तिथे रेघ उठते. तिकडच्या पुस्तकात ओल्यावर ओला रंग सोडायचा धडा असतो. इथे मे महिन्यात कागद ओला राहिला तर तो धडा गिरवायचा. जाणते चित्रकार कागद मागून ओला करून घेतात, पाण्यात ग्लिसरीनचा थेंब टाकतात, किंवा सरळ पहाटेच बसतात. डोक्यावर छत्री हवीच, पण रंगीत नको; लाल छत्रीखाली कागद गुलाबी दिसतो आणि घरी आल्यावर सगळे चित्र हिरवट निघते. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. वॉश तासभर वाळत नाही, आणि हातकागद हवेतली ओल पिऊन फुगतो. म्हणून त्रास सोसूनही जलरंगकार उन्हाळ्याची वाट पाहतात. झपाट्याने काम उरकावे लागते, आणि त्या झपाट्याचा ताजेपणा चित्रात उतरतो.

आणि मग या पट्ट्याचा उन्हाळा. हा सुटीचा ऋतू नाही. सातपाटीला वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, खळ्यांवर जवळा पसरलेला असतो. मिठागरांत मिठाच्या राशी होत असतात. शेतात राब भाजून होतो आणि काळ्या पट्ट्यावरून धूर निघत असतो. अंगणात खाटेवर पापड-कुरडया, राखणीला एखादी म्हातारी. रस्त्याच्या कडेला कोयत्याने ताडगोळे सोलणे चालू. केळवे-माहीमच्या पानवेलींच्या वाडीत शिरले की अंगावरचे ऊन एकदम हिरवे होते. हे सगळे पाऊस यायच्या आत उरकायचे काम आहे. होमरने ग्लॉस्टरला जे दोन पोरांत पाहिले, ते इथे अख्ख्या किनाऱ्यावर पसरलेले आहे. आणि मुंबईहून शनिवार-रविवार केळव्याला येणाऱ्यांच्या चित्रांत ते क्वचितच येते. तिथे सुरूची झाडे येतात, पुळण येते, मावळता सूर्य येतो. चित्रकार पाहुणा असला की चित्रातला उन्हाळा सुटीचा होतो, मग तो मेनचा किनारा असो की पालघरचा.

याला या जिल्ह्यातच एक अपवाद आहे, जिथे चित्र काढणारा पाहुणा नसतो. वारली चित्र हे जलरंगच आहे, फक्त त्याला कुणी तसे म्हणत नाही. तांदळाचे पीठ, पाणी, थोडा डिंक. बांबूची काडी चावून केलेली कूची. आणि शेण-गेरूने सारवलेली कुडाची भिंत. पारदर्शक जलरंगाचा नियम इथे उलटा होतो. तिथे कागद पांढरा आणि सावली रंगाची. इथे भिंत गडद आणि उजेड तेवढा रंगवायचा. लग्नसराई पिके घरात आल्यावर, पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत. सवाशिणी लग्नघराच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. लग्न झाले, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली, की चित्र गेले. जपून ठेवायचे हा विचारच त्यात नव्हता. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले, कागद आला, आणि गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरचे ते जग कागदावर आणि कापडावर उतरवले. मासेमारीचे जाळे, भातलावणी, तारपा नाच: कामावरची आणि नाचातली माणसे. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या जगभरच्या कलावंतांच्या प्रदर्शनात मशे होते; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली; २०१८च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचे जाळे पाहताना वारली चित्राला ‘आदिवासी नक्षी’ म्हणणे अवघड जाते. हजारो बारीक पांढऱ्या रेघा, आणि एकही मासा दुसऱ्यासारखा नाही.

फिलाडेल्फियाचे प्रदर्शन दुसऱ्या शहरात का गेले नाही, हे सांगायचे राहिले आहे. कारण उजेड. १८८८ साली लंडनमध्ये रसेल आणि अॅबनी या दोन शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचा परिणाम काय होतो याचा सरकारी अहवाल दिला. बरेच रंग उडतात, हे त्यात पुराव्यानिशी मांडले होते; आणि नुसत्या उजेडाने नव्हे, तर उजेड, हवा आणि दमट ओल यांनी मिळून, हेही. निर्वात नळीत ठेवलेले तेच रंग बहुतांशी टिकले. होमरला त्याची किंमत मोजावी लागली. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्याचे १८८७चे शेतावरच्या एका मुलाचे चित्र आहे. त्यातले आभाळ पांढरे, जवळजवळ कोरे. त्यालाही कागद राखायची खुबी समजून लोक वाखाणत आले. २००८च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने तिथल्या शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा त्या कोऱ्या आभाळात लाल-नारिंगी रंगांचे कण निघाले. होमरने सूर्यास्ताचे पेटलेले आभाळ रंगवले होते. वनस्पती आणि किड्यांपासून केलेले ते लाल रंग उजेडाने खाऊन टाकले.

रसेल आणि अॅबनी यांच्या त्या अहवालापासून संग्रहालये सावध आहेत. जलरंगचित्रावर ५० लक्सच्या आसपास, म्हणजे मिणमिणत्या खोलीएवढा उजेड. तोही काही महिनेच. मग काही वर्षे अंधाऱ्या कपाटात विश्रांती. एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहाला १९०० साली हेन्री वॉनच्या मृत्युपत्राने टर्नर या इंग्रज चित्रकाराची ३८ जलरंगचित्रे मिळाली ती या अटीवर की ती फक्त जानेवारीत लावायची, कारण तिकडे वर्षातला सर्वांत क्षीण उजेड त्या महिन्यात असतो. आजही ती जानेवारीतच लागतात. टर्नरचे इटलीतले उन्हाळी दिवस स्कॉटलंडच्या लोकांना कोट-मफलर घालून पाहावे लागतात.

असे एखादे प्रदर्शन पालघर जिल्ह्यात, समजा याच गावात शाळेच्या सभागृहात, भरवायचे ठरले तर? जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. त्याच्या किनाऱ्याचा उन्हाळा, त्याच्या माणसांनी काढलेला, एकत्र कुणी मांडलेला नाही. भरवायचे तर मे महिन्यात नाही. डिसेंबर-जानेवारीत, हवा कोरडी असताना, खिडक्यांना जाड पडदे लावून, ट्यूबलाइट चित्रांपासून लांब ठेवून. वारली चौकाची एक भिंत सवाशिणींकडूनच लिहून घ्यायची आणि प्रदर्शन संपल्यावर रीतीप्रमाणे सारवायची. बाकी चित्रे कुठून आणायची, याचे उत्तर गावातच आहे. निवृत्त कलाशिक्षकांच्या ट्रंकांत जागेवर बसून केलेली जुनी ‘ऑन द स्पॉट’ चित्रे असतात. शाळांच्या कपाटांत ग्रेड परीक्षांच्या सरावाची गुंडाळलेली स्मरणचित्रे असतात, ज्यांत बोंबलाची वलांडी आणि ताडावर चढणारा भंडारी नक्की सापडेल. अशी चित्रे बहुतेक घरांत वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलेली असतात. वर्तमानपत्राचे आम्ल कागदाला पिवळे करते, आणि पत्र्याखालची माळ्याची उष्णता व जूनची ओल बाकीचे काम करते.

म्हणून अशा चित्रांची यादी आता, उन्हाळ्यातच, करायला घ्यावी. प्रत्येक चित्राच्या मागे शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, काढणाऱ्याचे नाव, साल आणि जागा लिहावी. शाईने नको, ती पुढे उमटते. गुंडाळी सोडवून चित्र सपाट करावे, दोन चित्रांत आम्लरहित कागद घालावा, तो मुंबईत कलासाहित्याच्या दुकानांत मिळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये, आत बुरशी धरते. चित्रांची पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि सिलिका जेलच्या पुड्या पहिल्या सरीच्या आत टाकून घ्याव्यात. ज्यांच्या घरी अशी चित्रे आहेत त्यांनी ती संयोजकांना नुसती दाखवायला आणली तरी पुष्कळ आहे. द्यायची की नाही, ते मग ठरवता येईल.